चाकाचा आउट

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा आधी वर्ग, फळा, प्रार्थना आठवायला हवी होती. डोळ्यांसमोर आलं ते शाळेच्या फाटकापलीकडचं सायकलचं दुकान. गुरुजनांनी राग मानू नये. शाळेत शिकलेलं बरंचसं विज्ञान मला समजलं ते तिथे.

आठवीत एकाच आठवड्यात माझं मागचं चाक तीनदा पंक्चर झालं. तिसऱ्या वेळी दुकानातल्या काकांनी ट्यूब फुगवली आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवली. बुडबुडे निघाले तिथे बोट धरलं. जागा कोरडी केली, घासली, सोल्युशन लावलं आणि हात बाजूला घेतले. मला शाळेची घाई. ते म्हणाले, ''ओल्या सोल्युशनवर ठिगळ धरत नाही. सुकू दे.'' ठिगळ बसलं तरी त्यांनी ट्यूब आत घातली नाही. व्हॉल्व्ह भोकाच्या समोर धरून ती टायरवर लांबवली. तिन्ही ठिगळं एकाच जागी! टायरच्या आतून तिथे हळूच बोट फिरवलं, तर तारेचं नखभर टोक रुतलेलं. ''पंक्चर काढून काय उपयोग, कारण आतच असेल तर?'' आज मी यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. बंद पडलेल्या यंत्रासमोर उभा राहिलो की पहिल्यांदा ते बोट आठवतं.

शेजारी रेडिओदुरुस्तीची टपरी होती. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ लावल्या लावल्या बोलत नसे. आतली तार तापून इलेक्ट्रॉन सुटू लागेपर्यंत दम धरावा लागे. ट्रान्झिस्टरचा शोध 1947 चा, हे पाठ होतं. त्याला तापावंच लागत नाही म्हणून तो लगेच बोलतो, हे मात्र दोन्ही संच शेजारी शेजारी लागलेले ऐकले तेव्हा उमगलं. खरखरणारा संच उघडला की तिथले दादा लाकडी काडीने एकेक सांधा टिचकावत जायचे. एका ठिकाणी खरखर वाढायची. तो सांधा वरून चांगला दिसायचा, पण सोल्डर तारेला धरलेलं नसायचं. सोल्डर वितळवणारा तापलेला कावीया टेकवला की राळेचा धूर निघायचा आणि आवाज स्वच्छ व्हायचा. तो वास अजून आला तरी मी थांबतो.

वह्या-पेनांच्या दुकानाबद्दलही लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला सांगायचंय ते चाकाबद्दल.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा त्याच दुकानातून सायकलचं सुटं चाक मागून आणलं. दोन्ही हातांनी आस धरायला लावला, चाक जोरात फिरवलं आणि म्हणाले, ''आता वाकव बघू.'' चाक वाकेना, भलतीकडेच वळू लागलं. वर्गातल्या प्रत्येकाला त्यांनी ते धरायला दिलं. तास संपून गेला, मधली सुट्टीही संपली. पुढे वरच्या वर्गात कोनीय संवेगाची समीकरणं आली तेव्हा तो झटका माझ्या मनगटात आधीपासूनच होता.

चाक परत द्यायला सरांनी मला पाठवलं. काकांनी ते हातात फिरवून पाहिलं. ''आउट आहे,'' म्हणाले, म्हणजे रिम सरळ फिरत नव्हती, आणि चिमट्यात बसवून पाना माझ्याकडे दिला. रिम उजवीकडे झुकली असेल तिथे डावीकडच्या तारा पाव फेरा आवळायच्या, उजवीकडच्या तेवढ्याच सैल करायच्या. चाक खालच्या तारांवर उभं असतं अशी माझी समजूत होती. ''नाही रे, सगळ्याच तारा ताणलेल्या असतात, म्हणून ते गोल राहतं.'' मी एक जागा सरळ केली की समोरची बिघडायची. ते शेजारी बसून दुसऱ्याची चेन बसवत होते. पाना एकदाही परत मागितला नाही. मला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी अंधार पडता पडता रिम शेजारी धरलेल्या खडूला कुठेच न घासता फिरली. तेव्हा काकांनी सरांना फाटकातून हाक मारून बोलावलं आणि चाक पुन्हा एकदा फिरवायला लावलं.