घरमालकाचे आधार कार्ड आणि माझी जीएसटी नोंदणी

माझ्या मसाल्याच्या उद्योगाची उलाढाल 40 लाखांच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी आहे, त्यामुळे केवळ नागपुरात माल विकायचा असता तर नोंदणीची गरजच पडली नसती. परंतु मध्य प्रदेशातील छिंदवाडा आणि सिवनी येथील दुकानदारांकडून मागणी आली. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा झाला की उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी बंधनकारक होते, आणि त्याच कारणाने कंपोझिशन योजनेचा, म्हणजे लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याचा, मार्गही बंद होतो.

अर्ज भरणे आणि आधार पडताळणी यांत काहीही अडले नाही. अडले ते नागपूरच्या महाल भागातील भाड्याच्या जागेवर. नोंदणीकृत भाडेकरार आणि काकाजींच्या, म्हणजे घरमालकांच्या, नावाचे महावितरणचे वीजबिल मी जोडले होते. तरीही आरईजी-03 ही खुलासा मागणारी नोटीस आली आणि तीत काकाजींचे आधार कार्ड, त्यांचे पॅन कार्ड आणि दुकानासमोर उभे असलेले त्यांचे छायाचित्र मागितले होते. काकाजी वृद्ध आहेत, मुलाकडे पुण्याला राहतात, आणि आपली ओळखपत्रे कोणाच्या हाती द्यायला ते राजी नव्हते. त्यांचे हे म्हणणे मला तेव्हाही योग्य वाटले आणि आजही वाटते.

कार्यालयात विचारणा केली तेव्हा "सगळे देतात, तुम्हीही द्या" एवढेच उत्तर मिळाले. माझ्या लेखापालांचाही सल्ला देऊन मोकळे होण्याचाच होता. मला तो मान्य नव्हता, कारण केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 17 एप्रिल 2025 रोजी काढलेल्या निर्देश क्रमांक 03/2025 मध्ये नेमके हेच प्रकार थांबवण्यास सांगितले आहे. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकीचा कोणताही एक पुरावा, म्हणजे मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल यांसारखा, पुरेसा आहे; मालकाचे पॅन, आधार किंवा जागेसमोरचे छायाचित्र मागू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. करार नोंदणीकृत नसेल तर मात्र मालकाचे ओळखपत्र द्यावे लागते, म्हणून करार नोंदवून घेण्याचा खर्च कोणीही वाचवू नये. यादीबाहेरचे कागद मागायचे असतील तर अधिकाऱ्याला उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांची मान्यता घ्यावी लागते.

उत्तर देण्यासाठी कामकाजाचे 7 दिवस मिळतात. मी आरईजी-04 या उत्तराच्या नमुन्यात निर्देशाचा क्रमांक व दिनांक नमूद करून प्रत्येक मागणीला स्वतंत्र उत्तर दिले, आणि महानगरपालिकेच्या मालमत्ता कराची पावतीही स्वतःहून जोडली, जेणेकरून मालकीबाबत शंका उरू नये. त्याचबरोबर मंडळाच्याच 2 मे 2025 च्या निर्देशानुसार नोंदणीच्या तक्रारींसाठी प्रत्येक विभागाने जो ई-मेल पत्ता जाहीर करायचा आहे, त्यावर अर्जाचा एआरएन (अर्ज संदर्भ क्रमांक), अधिकारक्षेत्र आणि अडचण लिहून पाठवली. त्यानंतर नोंदणीचे प्रमाणपत्र आले आणि काकाजींचा एकही कागद द्यावा लागला नाही, याचे मला अतिशय समाधान आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: अर्जात मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा, सल्लागाराचा नव्हे. नोटीस तेथेच येते आणि उत्तराचे दिवस आपण ती वाचण्याची वाट पाहत नाहीत. विवरणपत्रांचे ओटीपीही पुढे त्याच क्रमांकावर येतात.

प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे आणि जीएसटी क्रमांक दर्शनी फलकावर लिहावा, असा नियम आहे. आणि एखाद्या कालावधीत विक्री शून्य असली तरी जीएसटीआर-3बी हे विवरणपत्र भरावेच लागते. ते राहिल्यास दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क लागते, आणि विक्री असून कर भरायचा असेल तर ते 50 रुपयांपर्यंत जाते.