ज्याला जमतं, त्याच्या पाठीवर

आमच्या मावशीच्या उकडीच्या मोदकांना कळ्या फार सुरेख पडतात. ही तिची कला आणि हाच तिचा गुन्हा. गणपती आले की चार घरांतून तिला बोलावणं येतं. "तुझे कसे पटापट होतात गं" असं म्हणत तिच्यापुढे उकडीची परात सरकवली जाते. ज्यांचे मोदक चाळणीत फुटतात त्या बायका मग निवांतपणे आरतीला उभ्या राहतात. मावशी तक्रार करत नाही. पण एकदा ती म्हणाली, "पहिल्याच वर्षी दोन मोदक फोडले असते तर सुटले असते."

चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम देण्याची ही पद्धत घरोघरी तोंडी चालते. घोड्यांच्या शर्यतीत मात्र ती छापून जाहीर केलेली असते. तिचं नाव हँडिकॅप. त्यासाठी हँडिकॅपर नावाचा एक अधिकारीच नेमलेला असतो. कोणता घोडा किती चांगला धावतो ते पाहायचं आणि त्या मानाने त्याच्या पाठीवर वजन चढवायचं, एवढंच त्याचं काम. शर्यतीआधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर जातो. ठरलेल्या आकड्याला वजन कमी पडलं तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. शर्यत संपली की पुन्हा काटा. तेव्हा वजन कमी भरलं, तर जिंकलेली शर्यतही हातची जाते.

हेतूत खोट काढता येत नाही. सगळे घोडे शेवटच्या रेषेवर एकदम यावेत, निकाल आधीच सांगता येऊ नये, म्हणजे पैसे लावणाऱ्यांचा उत्साह टिकतो. आपल्या महालक्ष्मीलाही रेसच्या पुस्तकात घोड्याच्या नावाशेजारी त्याचं वजन छापलेलं असतं आणि मुरलेली मंडळी पेन्सिल घेऊन आधी तोच रकाना बघतात. महालक्ष्मीचं मैदान मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर बांधलं, असं सांगतात. त्या कॉलफील्डवर 1931 साली एका घोड्याने चिखलातून, सुमारे 65 किलो वजन घेऊन एक शर्यत जेमतेम जिंकली होती. त्याचं नाव फार लॅप. ओझ्याचा विषय निघाला की मला हाच घोडा आठवतो.

फार लॅप 4 ऑक्टोबर 1926 रोजी न्यूझीलंडमध्ये, टिमारू गावाजवळ जन्मला. हॅरी टेलफोर्ड नावाचा सिडनीतला एक कफल्लक ट्रेनर वंशावळी वाचायचा नादी होता. लिलावाच्या यादीत त्याला या शिंगराच्या बापाकडून कार्बाइनचं रक्त दिसलं. कार्बाइन म्हणजे 1890 सालचा मेलबर्न कप, म्हणजे ऑस्ट्रेलियातली सगळ्यात गाजलेली हँडिकॅप शर्यत, जिंकणारा घोडा, तोही जवळजवळ 66 किलो पाठीवर घेऊन. इतकं वजन घेऊन तो कप त्याच्या आधी किंवा नंतर कुणीच जिंकलेला नाही. टेलफोर्डकडे वाचायला डोळे होते, खिशात दमडी नव्हती. त्याने डेव्हिड डेव्हिस या व्यापाऱ्याला गळ घातली आणि 1928 च्या जानेवारीत 160 गिनींना शिंगरू विकत घेतलं गेलं.

बोटीवरून उतरलेलं ध्यान पाहून डेव्हिसचं डोकंच फिरलं. लुकडं अंग, चेहऱ्यावर चामखिळी, चाल बेंगरूळ. याच्या शिकवणीवर मी एक पैसा खर्च करणार नाही, असं त्याने बजावलं. तेव्हा टेलफोर्डने घोडा तीन वर्षांसाठी भाड्याने मागितला. खर्च माझा, आणि बक्षिसातला तिसरा हिस्सा तुम्हाला. डेव्हिस कबूल झाला. फुकटात तिसरा हिस्सा मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? टेलफोर्डने घोड्याला खच्ची करून घेतलं, म्हणजे त्याचं लक्ष इकडेतिकडे न जाता अंग भरेल. अंग भरलंही. पण त्यामुळे या घोड्याचा वंश पुढे चालणार नाही हेही तेव्हाच ठरून गेलं. पहिल्या शर्यतीत फार लॅप शेवटचा आला. मावशीचा सल्ला त्याने नकळत पाळला होता म्हणायचा, पण तो काही महिनेच.

1929 च्या एप्रिलमध्ये तो पहिली शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी सिडनीची आणि मेलबर्नची अशा दोन्ही डर्बी त्याने मारल्या. त्या वर्षीच्या मेलबर्न कपसाठी त्याला साधारण 47 किलो वजन मिळालं. तीन वर्षांच्या घोड्याला ते सोसण्यासारखं होतं, पण त्याचा नेहमीचा जॉकी जिम पाइक उपाशी राहूनसुद्धा त्या आकड्यात बसेना. दुसरा जॉकी बसवला. घोडा त्याच्याशी लगाम ओढत भांडत राहिला आणि तिसरा आला. पुढच्या वर्षी हाच कप, आणि वजन साडेबासष्ट किलोंच्या वर! एका वर्षात पंधरा किलोंची बढती.

1930 चा तो नोव्हेंबर मला सगळ्यात रंगतदार वाटतो. मंदीने ऑस्ट्रेलियात हातांचं काम गेलं होतं, आणि ज्याच्यावर पैसे लावले तर परत येतात अशी खात्री असणारी एकच गोष्ट उरली होती, ती चार पायांची. बुकींची त्यामुळे गाळण उडालेली. त्यातून आधीच्या महिन्यात अमौनिस नावाच्या घोड्याने कॉलफील्ड कप जिंकला होता. लोकांनी अमौनिस आणि फार लॅप अशी जोडी लावून ठेवली होती, म्हणजे कॉलफील्ड कप अमौनिसने आणि मेलबर्न कप फार लॅपने जिंकला तरच पैसे. आता फार लॅप जिंकला तर कित्येक बुकींना दुकान बंद करायची पाळी येणार होती. 1 नोव्हेंबरला सकाळी कॉलफील्डला सराव आटोपून टॉमी वुडकॉक हा त्याचा मोतद्दार त्याला परत आणत होता. वुडकॉक स्वतः तट्टावर, शेजारी दोरीला फार लॅप. वाटेत एका मोटारीतून त्यांच्यावर बंदूक झाडली गेली. वुडकॉकने आपलं तट्टू मध्ये घातलं. गोळी कुणालाच लागली नाही. आणि हा पठ्ठ्या त्याच दुपारी फ्लेमिंग्टनला जाऊन शर्यत जिंकून आला!

मग त्याला जीलाँगजवळच्या सेंट अल्बन्स या घोड्यांच्या फार्मवर लपवून ठेवलं. मंगळवारी, म्हणजे कपच्या दिवशी, घोडा न्यायची गाडी काही केल्या सुरू होईना. सगळ्या देशाचा पैसा ज्याच्यावर लागला आहे तो आत उभा आहे आणि इंजिन घरघर करून बंद पडतं आहे. हा प्रसंग वाचताना आपल्यालाच घाम फुटतो. शर्यतीला जेमतेम तास उरला असताना ते मैदानावर पोचले. पाइकने त्याला बराच वेळ आवरून धरलं आणि शेवटच्या वळणानंतर लगाम सैल सोडला. घोड्याच्या तीन लांबींनी जिंकला. गुरुवारी आणखी एक, शनिवारी आणखी एक. आठ दिवसांत चार विजय, त्यातला एक दोन मैलांचा. मोदकांच्या परातीपुढे बसलेल्या माझ्या मावशीलाही हा वेग झेपला नसता.

वुडकॉकबद्दल थोडं सांगायलाच हवं. घोडा टेलफोर्डच्या हाताखाली आणि डेव्हिसच्या मालकीचा, पण जीव मात्र या पोराचा. तो त्याला बॉबी म्हणे. बॉबी त्याच्या हातचंच खाई, त्याचे शर्ट दातांनी ओढून फाडी, आणि तो जवळ नसला की बिथरे. वुडकॉक त्याच्या ठाणाशीच झोपत असे. घोड्याचं वजन किलोत मोजणाऱ्या त्या सगळ्या कारभारात एवढा एकच माणूस त्याच्या बाजूला उभा असल्यासारखा वाटतो.

1931 मध्ये हँडिकॅपरने मेलबर्न कपसाठी आकडा काढला, 68 किलो. कार्बाइनच्याही वर. पाइकचं स्वतःचं वजन यापेक्षा खूपच कमी, म्हणजे बाकीचं सगळं शिसं. घोडा दमलेला होता, टेलफोर्डच्या मनात त्याला उतरवायचं नव्हतं, पण मालकाचा आग्रह मोडवेना. दोन मैल हे ओझं घेऊन फार लॅप आठवा आला. पाइकने शेवटी त्याला मारून-मुटकून पळवलं नाही, हे मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा आवडतं. जिंकला तो व्हाइट नोज. त्याच्या पाठीवर होते साडेत्रेचाळीस किलो. नियमाच्या दृष्टीने ही शर्यत अगदी यशस्वी म्हणायची, फेव्हरिट पडला आणि हलका घोडा वर आला. व्हाइट नोजचं नाव आता कोण घेतं?

नंतर डेव्हिसने घोड्याला बोटीत घालून अमेरिकेकडे नेलं. टेलफोर्ड गेला नाही, वुडकॉक गेला. 20 मार्च 1932 ला मेक्सिकोतल्या टिहुआना इथे, आग्वा कालिएंतेच्या मैदानावर, चिरलेल्या खुराने, गवताऐवजी मातीवर आयुष्यात पहिल्यांदाच धावत फार लॅपने तिथल्या मैदानाचा विक्रम मोडून शर्यत जिंकली. वजन इथेही इतरांपेक्षा जास्तच, साडेअठ्ठावन्न किलो. ती त्याची 51 वी शर्यत आणि 37 वा विजय. सोळा दिवसांनी, 5 एप्रिलला, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कजवळ वुडकॉकला तो सकाळी तापाने फणफणलेला आणि वेदनेने तळमळताना सापडला. दुपारपर्यंत सगळं संपलं. गुंडांनी विष घातलं इथपासून ओला चारा बाधला इथपर्यंत तर्कांना ऊत आला. पुढे त्याच्या आयाळीच्या केसांची तपासणी झाली तेव्हा मरणाआधी दीड-एक दिवस आर्सेनिक मोठ्या प्रमाणात पोटात गेल्याचं दिसलं. त्या काळी घोड्यांना ताकद यावी म्हणून जी टॉनिकं पाजत त्यांतही आर्सेनिक असायचंच, त्यामुळे वाद मिटला नाही तो नाहीच.

मेल्यावर त्याचीही वाटणी झाली. न्यूयॉर्कमध्ये पेंढा भरून तयार केलेलं कातडं मेलबर्नच्या संग्रहालयात, सांगाडा वेलिंग्टनला, आणि हृदय कॅनबेराला. न्यूझीलंड म्हणतं जन्म आमचा, ऑस्ट्रेलिया म्हणतं कर्तृत्व आमचं. आपल्याकडे थोर माणसाच्या जन्मगावाचे आणि कर्मभूमीचे लोक भांडतात, पण असे तुकडे करून कुणी मिटवत नाही. 2010 साली कपची 150 वी शर्यत होती म्हणून सांगाडा काही महिने मेलबर्नला आणला होता. त्या वेळी कातडं आणि हाडं एका छताखाली होती. हृदय मात्र कॅनबेरातच राहिलं, कारण ते फार नाजूक झालं आहे. 6.2 किलोंचं हृदय, नेहमीच्या घोड्याच्या जवळपास दुप्पट. ऑस्ट्रेलियन माणूस एखाद्याच्या हिमतीची तारीफ करताना त्याचं काळीज फार लॅपएवढं आहे असं म्हणतो. एवढ्या हँडिकॅपरांनी मोजमाप केलं, पण हे वजन त्यांच्या काट्यावर आलं नव्हतं.

मेलबर्नमध्ये कपच्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, सार्वजनिक सुट्टी असते. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना ती पुष्कळदा दिवाळीच्या आसपास मिळते. घोड्यातलं काही कळत नसलेलेही ऑफिसच्या चिठ्ठ्यांतून एखाद्या घोड्याचं नाव काढतात आणि टीव्हीपुढे आरडाओरडा करतात.

वुडकॉक पुढे स्वतः ट्रेनर झाला. 1977 साली, सत्तरी ओलांडलेल्या या माणसाकडे रेकलेस नावाचा घोडा होता. सुरुवातीला हरत राहिलेला, थोराड, वयाने मोठा. त्याने त्या वर्षी सिडनी, ॲडलेड आणि ब्रिस्बेन असे तीन कप मारले आणि मग मेलबर्न कपला उतरला. फार लॅपचा मोतद्दार शेवटी आपला स्वतःचा कप उचलणार, म्हणून गावभर त्याच्याच नावाचा गजर. पण बार्ट कमिंग्ज या ट्रेनरचा घोडा गोल्ड अँड ब्लॅक पुढे निघून गेला आणि रेकलेस दुसरा आला. म्हाताऱ्याच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या नोकरीकडे बघून हँडिकॅपरने रेकलेसच्या पाठीवरचे दोन किलो उतरवायला काय हरकत होती, असं मला उगीच वाटत राहतं.