आयव्हीआयजी, दादा आणि संध्याकाळी सहाची क्वेरी

दादा घरी आलाय. जिना चढताना धाप लागते, पण वरणभात मागून घेतो. आयसीयूतल्या बारा दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. लिहायचंय ते हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या टीपीए डेस्कबद्दल, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या काउंटरबद्दल, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

ऑगस्टचा पाऊस, ताप, घरच्या घरी पॅरासिटामॉल, मग स्वाइन फ्लू पॉझिटिव्ह आणि थेट व्हेंटिलेटर. टॅमिफ्लू पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर खरा उपयोग. आम्ही तापाच्या पाचव्या दिवशी पोचलो. आयसीयूतल्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आयव्हीआयजी देऊन बघू." हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडीज, शिरेतून हळूहळू सोडायच्या. दादाचं वजन 62 किलो, किलोला 0.4 ग्रॅम, म्हणजे रोज पाच-पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या, असे पाच दिवस. त्यातला "बघू" तेव्हा माझ्या कानावरून गेला.

पहिल्या दिवशीच्या बाटल्या मी रात्री साडेदहाला स्टॉकिस्टकडून थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये घालून मांडीवर आणल्या. रिक्षात डबा हलू नये म्हणून पदराने बांधला होता.

मग क्वेरी, म्हणजे विमा कंपनीकडून आलेली विचारणा. "ताई, क्वेरी आलीये," डेस्कवरचा मुलगा म्हणायचा, आणि ती यायची हमखास संध्याकाळी सहानंतर, डॉक्टर निघून गेल्यावर. पहिली: वजनाची नोंद पाठवा. दुसरी: इनडोअर पेपर, म्हणजे वॉर्डातल्या नोंदींचे कागद, पाठवा. तिसरी: हे औषध का, त्याचं डॉक्टरांचं पत्र पाठवा. पत्र दिलं तर त्यावर रजिस्ट्रेशन नंबर नाही. नंबर घातला तर स्कॅन तिरका. कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीनेच परस्पर भरायचा, निर्णय एका तासात द्यायचा, असं विमा नियामक आयआरडीएआयचं 2024 चं परिपत्रक सांगतं. मी मोबाइलवर काढून दाखवलं. मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, तो तास प्रत्येक उत्तरानंतर नव्याने सुरू होतो." त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. तो बिचारा डबाही तिथेच खायचा. या सगळ्यात चार दिवस गेले, आणि औषध थांबू नये म्हणून माझं कार्ड घासलं जात होतं.

चौथ्या उत्तरात आलं: एक्सक्लूजन 16, म्हणजे पॉलिसीतून वगळलेली बाब, सिद्ध न झालेले उपचार.

रात्री पॉलिसीची पुस्तिका काढली. विम्यात बसणाऱ्या आधुनिक उपचारांच्या यादीत "मोनोक्लोनल अँटिबॉडी, इंजेक्शनद्वारे" अशी ओळ सापडली. सकाळी विजयी चेहऱ्याने डॉक्टरांसमोर धरली. ते म्हणाले, "अहो, हे मोनोक्लोनल नाही. ती एकाच साच्यातून काढलेली असते. ही हजारो माणसांची भेळ आहे." मग त्यांनीच सांगितलं की 2019 मध्ये तीनशेहून अधिक फ्लूच्या रुग्णांवर, मुद्दाम फ्लूविरोधी अँटिबॉडीज भरपूर असलेलं आयव्हीआयजी देऊन चाचणी झाली, आणि एकूणात फायदा दिसला नाही. बी प्रकारात थोडा दिसला. स्वाइन फ्लू ए प्रकारातला.

"मग दिलंत कशाला?"

"त्या रात्रीचं ऑक्सिजन तुम्ही बघितलं होतं ना?"

यावर मी काय बोलणार?

बाकी बिल पास झालं, आयव्हीआयजीची रक्कम कापून. कुणावर हे औषध वापरायची वेळ आलीच, तर बाटलीवरचे बॅच नंबरचे स्टिकर आणि रिकामी खोकी टाकू नका. आमची दोन खोकी वॉर्डातल्या मावशींनी कचऱ्यात टाकली आणि त्यावरून आणखी एक क्वेरी आली. पत्र डॉक्टरांकडून सकाळच्या राउंडलाच घ्या, शिक्का आणि नंबरासकट. आणि हो, ज्याला हे औषध दिलंय त्याला पुढचे काही महिने गोवरासारखी जिवंत लस देताना डॉक्टरांना विचारा. हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी, लिफ्टपाशी सांगितलं.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने नकार कायम ठेवलाय. आता पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जाता येईल, नकारापासून वर्षभरात. अर्ज टेबलावर पडलाय. नाव, पॉलिसी नंबर, रक्कम लिहून झालं. तक्रारीचं कारण लिहायचं तेवढं राहिलंय.