समुद्र कधी येणार?

एप्रिलातला रविवार, सकाळचे सात. बॅलार्ड इस्टेटमध्ये चौदा माणसं जमली होती. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा हा पायी फेरफटका मी गेली काही वर्षं करवते. पी. डिमेलो रोड धरून माझगावच्या म्हातारपाखाडीपर्यंत, तीन-साडेतीन तास, मधे एक चहा. त्या दिवशीच्या चौदांत आजीबरोबर आलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. लहान मूल दिसलं की मी मनातून धास्तावते. तासाभरात त्याला सू येते आणि त्या रस्त्यावर मोठ्यांचीसुद्धा धड सोय नाही.

सुरुवात नेहमीची. अलेक्झांड्रा गोदी खणताना जी माती निघाली तिनं इथला समुद्र बुजवला आणि त्या भरावावर वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली या देखण्या, एका उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. १९०८ ते १९१४ चा काळ.

"म्हणजे आपण समुद्रात उभे आहोत?" मुलीनं विचारलं.

"हो."

"मग समुद्र कुठे गेला?"

"पुढे आहे. येईल." मी आपलं बोलून गेले.

पुढे सेंट जॉर्ज हॉस्पिटलपाशी किल्ल्याचा उरलेला तुकडा दाखवला आणि बंदरांच्या नावांवर आले. हा माझा आवडता भाग. बोरीबंदर, मस्जिद बंदर, कर्नाक बंदर, चिंचबंदर, वाडीबंदर, मॅलेट बंदर. १८५३ साली पहिली आगगाडी सुटली तीही बोरीबंदरहूनच. मी एका दमात नावं घेत होते आणि मुलगी आजीला विचारत होती, "इतकी माकडं होती इथे?" सगळे हसले. ती हसली नाही. बंदर म्हणजे माकड नाही, जिथे गलबतं लागतात ती जागा, हे आजीनं समजावल्यावर तिनं रस्त्याकडे एकदा नीट पाहिलं. ट्रक, हातगाड्या, डोक्यावर ईस्टर्न फ्रीवे. उजव्या हाताला भिंत.

ही भिंत सोबतीला असतेच. तिच्यात फाटकं येतात, रंगांच्या नावांची. ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट. पास असेल तर आत, नाहीतर बाहेरून पुढे चला. वरून फ्रीवेनं गाडीतून जाणाऱ्याला मधूनमधून क्रेन आणि पाणी दिसतं. पायी चालणाऱ्याला नाही.

भिंतीपाशी एके ठिकाणी थांबून मी १९४४ चा स्फोट सांगते. १४ एप्रिल, दुपारचे चार वाजून गेलेले, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आधी आग, मग अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन स्फोट. शेकडो माणसं गेली, आग विझवायला आत शिरलेले बंबवाले गेले. त्यांच्यासाठीच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. सोन्याच्या विटा उडून लांबच्या घरांवर पडल्या, हे सांगताना मी आवाज थोडा खाली आणते. (इतक्या वर्षांत एवढं नाटक जमायला लागलं आहे.) लोक गप्प होतात. त्या दिवशीही झाले.

"ताई, ते जहाज उभं होतं ते पाणी दाखवा ना."

दाखवणार काय? व्हिक्टोरिया गोदी भराव घालून बुजवली आहे. ते पाणीच आता नाही. मी तसं सांगितलं. मुलगी काही बोलली नाही, पण मागून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, दोन तास झाले. किनाऱ्याचा फेरफटका म्हणून आलो आम्ही." ते चिडून म्हणाले नव्हते. म्हणून जास्त लागलं. इतकी वर्षं मी लोकांना समुद्रकाठानं चालवत होते आणि समुद्र एकदाही दाखवला नव्हता. कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

म्हातारपाखाडी सोडून दिली. काका बाप्टिस्टांची गल्ली, लाकडी जिने, क्रूस, सगळं राहू दे म्हटलं आणि गट भाऊच्या धक्क्याकडे वळवला. भाऊ म्हणजे हा धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एवढं चालता चालता सांगितलं. माझा बेत असा की पलीकडे उरणजवळच्या मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचमध्ये बसवून सगळ्यांना समुद्रातच न्यावं.

खिडकी बंद. ओहोटीमुळे लाँच बंद. मोऱ्याला इतका गाळ आहे की पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही. हे मला माहीत होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं असतं हेही माहीत होतं. पण जिच्या फेरफटक्यात समुद्रच नव्हता, ती कोष्टक कशाला बघते?

समोर एकमेकींना खेटून मच्छीमार बोटी, बर्फाचा चुरा, रिकाम्या पाट्या, आणि बोटींच्या फटीतून हातभर करडं पाणी. "आला," मुलगी म्हणाली.

नऊजण उन्हाला कंटाळून घरी गेले. त्यांचे पैसे परत दिले. दोघांनी घेतले नाहीत. उरलेले पाच आम्ही सावलीत बसलो. आजी रत्नागिरीकडच्या. लहानपणी बोटीनं मुंबईला यायच्या. मला वाटलं, आता काहीतरी सुंदर ऐकायला मिळणार. त्या म्हणाल्या, "सुंदर कसलं? बोट लागायची. अख्खी रात्र ओकत यायचो."

पाणी चढल्यावर दुपारी लाँच सुटली. तासाभराचा प्रवास. वारा चांगलाच होता. मुलगी काठाला धरून मागे बघत होती. क्रेन, माझगावच्या गोदीतल्या नौदलाच्या करड्या बोटी, मागे उंच इमारती. "ती भिंत कुठंय, आपण चाललो ती?"

मी शोधली. पाण्यावरून ती दिसतच नव्हती. तिला तसं सांगायला तोंड उघडलं आणि घाईघाईनं मिटलं. आजींनी न विचारता पिशवीतून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांना त्या दिवशी बोट लागली नाही.