सँडहर्स्ट रोडचा खांब

“काका, हा खांब आमच्या आजोबांपेक्षाही म्हातारा आहे का?” आज सँडहर्स्ट रोड स्थानकात पनवेल लोकलची वाट पाहताना एका शाळकरी मुलाने विचारले, तेव्हा त्याचे बोट ‘ग्लेनगार्नॉक स्टील १९२१’ या अक्षरांवर होते.

वीस वर्षे मी त्याच खांबाला पाठ टेकून उभा राहतो. अक्षरे मात्र कधी वाचली नव्हती.

स्कॉटलंडहून आलेल्या या पोलादाच्या आधाराने हार्बर मार्ग वर चढला आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेली देशातील पहिली विजेची गाडी इथूनच गेली. खालच्या मुख्य मार्गावर धीम्या गाड्या थांबतात, जलद गाड्या मात्र ढुंकूनही न पाहता निघून जातात.

गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्याऐवजी ‘डोंगरी’ हे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२४ साली केला. पाटी बदलेल, आणि ते योग्यही आहे. पण खांबावरचा मजकूर त्या मुलाखेरीज कोणी वाचतो का?