तुम्ही विचारलेत म्हणून: बाबांच्या उधारीविषयी

25 डिसेंबर 2023 रोजी इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांच्या थकबाकीपोटी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला, तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातो. लग्नकार्यात भेटणारे नातलग विचारतात, परदेशीपुऱ्यातले जुने शेजारी विचारतात आणि पुण्याची मावशी तर फोन ठेवण्यापूर्वी न चुकता विचारते: "मिलवाल्यांना पैसे मिळाले, मग तुझ्या बाबांची उधारी मिळाली का? आणि त्यांनी ती तेव्हा सोडली तरी कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की माणूस भोळा होता आणि लोकांनी त्याला बुडवले. हे मला ऐकवत नाही, म्हणून एकदाचे लिहितो.

बाबा भोळे नव्हते. सायकल दुरुस्तीच्या धंद्यात भोळा माणूस वर्षभरही टिकत नाही. मिलची पाळी सुटली की दुकानापुढे सायकलींची रांग लागे आणि त्या गर्दीतही कोणाच्या चाकात जुने छर्रे परत घातले आहेत, हे ते नुसते चाक फिरवून सांगत. उधारीच्या वहीत माणसाच्या नावापुढे त्याच्या सायकलीची खूण लिहिलेली असे: हिरवी फ्रेम, मागचा ब्रेक नाही, घंटी पितळी. पगार झाला की हिशेब चुकता होत असे. 12 डिसेंबर 1991 ला मिल बंद झाली, 5,895 कामगारांचे काम गेले आणि वहीतल्या कितीतरी पानांवर पुढे जमा काही पडलेच नाही.

घरात चणचण होती, हे मी लपवणार नाही. रात्री रॉकेलने हात धुऊन बाबा जेवायला बसत, आमच्या दोघा भावंडांच्या अभ्यासाची चौकशी करत, फी कधी भरायची ते विचारत आणि ती वेळेवर भरत. आमचे काही अडले नाही. परंतु 1994 मध्ये ताईचे लग्न ठरले तेव्हा आईच्या पाटल्या सराफ्यात गहाण पडल्या. मी तेव्हा बारावीत होतो. वही काढून मी नावांची यादी केली, रकमांची बेरीज केली आणि ती बाबांपुढे ठेवली. ती बेरीज पाटल्यांवर घेतलेल्या कर्जापेक्षा अधिक भरत होती.

बाबांनी यादी वाचली आणि रविवारी मला बरोबर घेऊन ते पहिल्याच नावाच्या घरी गेले. तो मनुष्य मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होता. आता त्याच सायकलीला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून भाजी विकत होता. ओझ्याने मागच्या चाकाला इतकी आउट आली होती, म्हणजे चाक इतके वाकडे फिरत होते, की टायर फ्रेमला घासत होते. बाबांनी सायकल गल्लीतच उलटी केली, खिशातून चाकाच्या तारा कसायची निपल चावी काढली आणि खडूचा तुकडा रिमजवळ धरून चाक फिरवले. जिथे खडूची रेघ उमटे तिथली एका बाजूची तार ढिली करायची आणि समोरची कसायची, तीही पाव फेऱ्याहून जास्त नाही. अधूनमधून ते तारांवर नख फिरवून आवाज ऐकत. ढिल्या तारेचा आवाज बसका येतो. बराच वेळ हे चालले. आतून चहा आला. त्या माणसाने मान वर केली नाही आणि मी यादीचा कागद खिशात धरून उभा राहिलो.

काम झाल्यावर बाबांनी त्याच्याकडून फक्त आउट काढल्याची मजुरी मागितली आणि ती मोजून घेतली. जुन्या बाकीचा उल्लेखसुद्धा केला नाही. परतताना मी भडकलो. ते म्हणाले, "बाकी मागितली असती तर उद्यापासून तो तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीने गेला असता, आणि तिथे रोखीने काम करून घेतले असते. आता तो माझ्याच दुकानावर येईल." तो आलाही, पुढे कित्येक वर्षे येत राहिला. तेव्हा याला केवळ दानत म्हणू नका. त्यात धंद्याची समजही होती, आणि समोरच्याला मान खाली न घालता दुकानात येता यावे, ही काळजीही होती.

तरीही त्या दिवशी मी त्यांना जे ऐकवले, त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. मी म्हणालो होतो की तुमची दानत आईच्या पाटल्यांवर उभी आहे. आज त्या बारावीतल्या मुलाला गप्प करावेसे वाटते. त्याला म्हणावेसे वाटते की अरे, ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती त्यांच्याकडून तू काय आणणार होतास? पण तो मुलगा गप्प बसत नाही, कारण पाटल्या कधीच सुटल्या नाहीत. आईने इतकेच म्हटले होते की त्या माझ्या होत्या, निदान मला विचारायचे होते. बाबांजवळ यावर उत्तर नव्हते, आणि हे ते स्वतःही मान्य करत.

आता वसुलीचे. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये कामगारांचे 229 कोटी रुपये देणे ठरवले, तरी प्रत्यक्ष पैसे येण्यास आणखी सोळा वर्षे लागली. तोवर वहीतली कितीतरी माणसे गेली होती, बाबाही गेले होते. विधवेच्या किंवा नातवाच्या खात्यात पडलेल्या रकमेवर मी टायर-ट्यूबचा हक्क सांगत दारात जाणार नाही. मात्र कोणी आपण होऊन आणून दिले तर नाकारणारही नाही. नाकारण्यातही एक मोठेपणा मिरवणे असते, आणि ते बाबांनी त्या गल्लीत केले नव्हते. गेल्या वर्षी पितळी घंटीवाल्याचा मुलगा येऊन पैसे देऊन गेला. मी ते वहीत त्याच्या वडिलांच्या नावावर जमा केले आणि रक्कम आईकडे दिली. बाबा असते तर त्यांनी त्यातून त्या मुलाच्या सायकलीला नवी चेन बसवून दिली असती, आणि आमचे पुन्हा भांडण झाले असते.