ड्रॉइंग वाचायला कुठून सुरुवात करायची?

"इंजिनिअर नाही, तरी बिल्डिंगची ड्रॉइंग्ज वाचता येतील का? सुरुवात कुठून करायची?" ऑफिसच्या आणि दुकानांच्या इमारती सांभाळणारी मंडळी हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

येतात वाचता. फक्त गठ्ठा उघडून पहिल्या शीटपासून वाचत सुटू नका, तिसऱ्या शीटवरच दमाल. आधी प्रश्न ठरवा. चौथ्या मजल्याचं पाणी बंद करायचं तर व्हॉल्व्ह कुठला? ही भिंत काढता येईल का? भाडेकरूला २७०० मिमी उंचीवर फॉल्स सीलिंग हवंय, बसेल का? मॅनेजरला ड्रॉइंग लागतं ते एवढ्यासाठी. बीममध्ये सळ्या किती, हे कळलं नाही तरी तुमचं काही अडत नाही.

शीट हातात आली की नजर आधी टायटल ब्लॉककडे, बहुतेक वेळा उजवीकडे खालच्या कोपऱ्यात. शीट नंबराच्या आधीचं अक्षर विषय सांगतं: ए आर्किटेक्चर, एस स्ट्रक्चर, एम एसी-व्हेंटिलेशन, पी प्लंबिंग, ई इलेक्ट्रिकल. मग रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती) आणि शिक्का. टेंडरसाठी, बांधकामासाठी आणि ॲज-बिल्ट (प्रत्यक्षात जसं बांधलं तसं दाखवणारं) ही तीन वेगळी ड्रॉइंग्ज आहेत. टेंडरचं शीट धरून कोणी भिंत फोडायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा. बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ आणि शेजारी त्रिकोणात रिव्हिजनचा आकडा असतो. ढग सहसा ताज्या बदलापुरताच ठेवतात, म्हणून तो दिसला नाही याचा अर्थ तिथे कधीच काही बदललं नाही असा होत नाही.

पट्टी लावून मोजायचा मोह आवरा. १:१०० म्हणजे कागदावरचा १ सेंमी जागेवर १ मीटर, पण तो मूळ मापाच्या कागदावर. ए-१ कागद ८४१×५९४ मिमी, ए-३ बरोबर त्याच्या निम्म्या लांबी-रुंदीचा. ए-१ चं ड्रॉइंग ए-३ वर छापलं की स्केल १:२०० होतं, टायटल ब्लॉकमध्ये मात्र १:१०० तसंच राहतं. तुम्ही मोजलेले ४ सेंमी तेव्हा ४ नव्हे, ८ मीटर असतात. लिहिलेला आकडाच धरा. आकडा कुठून कुठपर्यंत आहे तेही बघा. १५० मिमीच्या भिंती मध्यापासून मध्यापर्यंत ३००० असतील तर आत २८५० मिळतात, प्लास्टर धरलं तर त्याहून कमी. कपाट अडतं ते इथे.

प्लॅन म्हणजे मजला साधारण १.२ मीटर उंचीवर आडवा कापून वरून खाली बघणं. त्यामुळे डोक्यावरचा बीम तुटक रेघेत येतो. सीलिंगचा प्लॅन मात्र जमिनीवर आरसा ठेवून छत बघितल्यासारखा काढतात, म्हणजे डावं-उजवं फ्लोअर प्लॅनसारखंच राहतं आणि दोन्ही शीट एकावर एक ठेवता येतात. सेक्शन म्हणजे इमारत उभी कापून बाजूने बघणं. प्लॅनवरच्या त्याच्या खुणेच्या गोलात वर सेक्शनचा नंबर, खाली तो ज्या शीटवर सापडेल तिचा.

आता ते २७०० मिमीचं सीलिंग. तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३९०० मिमी आहेत असं धरू. वरचं फ्लोअरिंग ७५ आणि स्लॅबसकट बीम ६०० गेला की उरले ३२२५. बीमखालून एसीची हवा नेणारा ८००×४०० चा डक्ट जातोय. यातला पहिला आकडा प्लॅनमध्ये दिसणारी रुंदी, दुसरा उभी उंची. नवखा माणूस इथेच उलटं वाचतो. वर-खाली २५-२५ इन्सुलेशन धरून डक्ट ४५० चा, उरले २७७५. डक्टच्या आधाराचा अँगल ५०, सीलिंगची फ्रेम आणि लाइट मिळून १२५. हाती आले २६००. आर्किटेक्टच्या शीटवर २७०० लिहिलेत, एसीच्या शीटवर डक्टही ठीक दिसतोय. दोघं आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र ठेवले की १०० मिमी कमी. अशा चुका एका शीटवर कधीच दिसत नाहीत, दोन शीटच्या मध्ये लपतात. डक्ट १२००×३०० केला तर हे १०० मिमी सुटतात, पण ते एसीच्या डिझायनरने ठरवायचं. तुम्ही सीलिंग टांगायच्या आधी विचारायचं, एवढंच.

भाडेकरूच्या पार्टिशनचंही तसंच. प्लॅनवर एक साधी रेघ दिसते. ती सीलिंगपर्यंतच आहे की थेट स्लॅबपर्यंत, हे सेक्शनमध्ये कळतं. परतीची हवा सीलिंगच्या वरून जात असेल आणि पार्टिशन स्लॅबला भिडलं, तर ती वाट बंद. केबिन कोंदट होते आणि तक्रार एसीवर येते. पार्टिशनचा प्लॅन सीलिंगच्या प्लॅनवर ठेवा: प्रत्येक नव्या खोलीत निदान एक स्प्रिंकलर, एक स्मोक डिटेक्टर आणि हवा येण्या-जाण्याची तोंडं आलीत का? थर्मोस्टॅट शेजारच्या खोलीत राहून गेलेला वरचेवर सापडतो.

स्लॅबला भोक पाडायची मागणी आली की मात्र ड्रॉइंग वाचून स्वतः परवानगी देऊ नका. स्ट्रक्चरच्या शीटवर स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहे का एवढं शोधा. तसा असेल तर आत ताणलेल्या केबल असतात. त्यातली एक कापली गेली तर स्लॅबची ताकद कमी होते, आणि केबल उसळून जवळच्या माणसालाही इजा होऊ शकते. आधी स्कॅनिंग, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, मग ड्रिल.

प्लंबिंगचा रायझर डायग्राम (मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या पाइपांचा आराखडा) आणि विजेचा सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडण्यांचा एकरेघी आराखडा) स्केलवर नसतात. काय कशाला जोडलंय ते त्यावरून कळतं, कुठे आहे ते प्लॅनवरून. चौथ्या मजल्याचा व्हॉल्व्ह आधी रायझरवर शोधा, त्याचा नंबर घ्या, मग तो नंबर प्लॅनवर कुठल्या शाफ्टपाशी (पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळीपाशी) आहे ते पाहा आणि मग शिडी लावून सीलिंगची टाइल उचला.

तिथे व्हॉल्व्ह सापडलाच नाही तर ॲज-बिल्टवर शंका घ्या. बांधकामाच्याच ड्रॉइंगवर नवा शिक्का मारून ॲज-बिल्ट म्हणून देणारे कमी नाहीत. इमारत ताब्यात घेताना तीन-चार ठिकाणच्या टाइल उघडून ताडून बघा, आणि साइटवर झालेल्या बदलांच्या लाल पेनाने खुणा केलेला ड्रॉइंगचा संच हातात आल्याशिवाय ठेकेदाराच्या शेवटच्या बिलावर सही करू नका.